पेत्राची बायको

(दृश्य : सरोवराचा काठ, काळ्या दगडांच्या भिंती)

हे कफर्णहूम. गालील सरोवराच्या काठचं मच्छीमारांचं गाव. १९६८ पासून व्हर्जिलिओ कोर्बो आणि स्तानिस्लाओ लोफ्रेदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी इथे उत्खनन केलं. पाचव्या शतकातल्या अष्टकोनी चर्चच्या खाली त्यांना एक साधं राहतं घर सापडलं. त्यांच्या मते ते येशूचा शिष्य पेत्र याचं.

भिंती बघा. काळा बेसाल्ट, फारसा न घडवता एकावर एक रचलेला. अशा भिंतींना जड छप्पर पेलत नाही, म्हणून वर लाकडं, फांद्या आणि माती. पक्षघाती माणसाला छप्पर उकरून येशूपुढे खाली सोडलं, ही मार्कच्या शुभवर्तमानातली, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातली गोष्ट इथे उभं राहिलं की लगेच पटते. खोल्या लहान, दारं अंगणात उघडणारी. चूल अंगणात, दळण अंगणात. मार्क सांगतो, हे घर शिमोन पेत्राचं आणि त्याचा भाऊ अंद्रिया याचंही. पेत्राची सासू तिथेच तापाने पडलेली. जावई, लेक, दीर, सासू, सगळे एका अंगणात. पेत्राच्या बायकोवर कुणी कादंबरी लिहिली, तर तिची सुरुवात इथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : संग्रहालयातली होडी)

१९८६ साली दुष्काळात सरोवर आटलं आणि चिखलातून ही होडी निघाली. सुमारे आठ मीटर लांब, दोन हजार वर्षांपूर्वीची. फळ्या जवळून बघा. डझनभर जातींची लाकडं, काही जुन्या होड्यांची काढून बसवलेली. ठिगळ लावून होडी चालवणाऱ्या घरात मिळवता पुरुष उठून गुरूमागे निघाला, तर चूल कशी पेटली असेल?

बहुतेक लेखक इथे बायकोला काठावर रडत उभी करतात आणि पुढे निघतात. पण येशूचा संदेश सांगत फिरणारा पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की केफा, म्हणजे पेत्र, प्रवासात बायकोला सोबत नेतो. ती मागे राहिली नाही. तिने रस्ते तुडवले, परक्या घरांत मुक्काम केले.

(दृश्य : दगडी वाट)

सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक, अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट सांगतो, पेत्राला मुलं होती आणि बायकोला त्याच्या डोळ्यांदेखत मरणाकडे नेलं.

शुभवर्तमानात तिचं नाव नाही. ते लेखकालाच द्यावं लागेल. त्या काळच्या यहुदी बायकांत मरिया आणि सलोमी ही नावं सर्वाधिक आढळतात. मुलं बरोबर नेली की आजीपाशी ठेवली, हेही त्यालाच ठरवायचं आहे.