धोट्याचा फटका आणि वीस लाख अँपिअर

[दृश्य : सोलापुरातील यंत्रमाग, धोट्याची ये-जा]

या मागाची छोटी मोटार एकसारखी फिरत असते. पण धोटा फेकण्याच्या क्षणी लागणारी जास्तीची ताकद ती एकटी देत नाही, ती फिरत्या चाकात आधीच साठलेली असते. सावकाश साठवायचे आणि क्षणात सोडायचे, हीच रीत प्रचंड प्रवाहाच्या स्पंद-जनित्रांची, म्हणजे क्षणभरच वीज सोडणाऱ्या जनित्रांची, आहे.

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून वीज मिळवली. त्याच तत्त्वावर भौतिकशास्त्रज्ञ मार्क ऑलिफंट यांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे उभारलेले जनित्र १९६२ पासून प्रयोगांना वीज देऊ लागले. त्याच्या रोटरमधील, म्हणजे फिरत्या भागातील, ऊर्जेचा साठा ५० कोटी ज्यूल, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत जेमतेम १३९ युनिट. सोलापूरजवळच्या एनटीपीसी प्रकल्पातील ६६० मेगावॉटचा एक संच तेवढी ऊर्जा पाऊण सेकंदात निर्माण करतो. नवल ऊर्जेचे नाही. नवल हे की त्या जनित्रातून वीस लाख अँपिअरपर्यंत प्रवाह काढता येई.

[दृश्य : रोटरची आकृती]

विजेचे गणित येथे तुलनेने सोपे आहे. कस लागतो तो यंत्ररचनेचा. परिघाचा वेग दुप्पट केला की पोलादातील ताण चौपट होतो. पातळ पोलादी कडे सेकंदाला २०० मीटर वेगाने फिरवले, तर त्यात चौरस मिलिमीटरला सुमारे ३१४ न्यूटन ताण येतो, आणि बांधकामाचे साधे पोलाद २५० च्या आसपासच हार मानते.

त्याहून अवघड आहे फिरत्या कडेवरून प्रवाह उचलणे. ब्रश, म्हणजे कडेला टेकून वीज घेणारा तुकडा, जोराने दाबला तर घर्षणाने तापतो, सैल ठेवला तर ठिणग्या उडतात. सोडियम-पोटॅशियमचा द्रव मिश्रधातू हा एक पर्याय आहे, परंतु ओलावा लागताच तो पेट घेतो. सोय म्हणावी की संकट, असा प्रश्न पडतो.

पुढे वाहक पट्ट्या येतात. दहा सेंटीमीटर अंतरावरील दोन पट्ट्यांतून प्रत्येकी दहा लाख अँपिअर वाहिले, तर मीटरमागे सुमारे २०० टन वजनाइतके बल त्यांना एकमेकींपासून दूर लोटते किंवा जवळ खेचते. म्हणून त्यांचे आधार एखाद्या पुलासारखे भक्कम योजावे लागतात.

प्रवाह सुटताच रोटरला करकचून ब्रेक लागतो आणि तेवढाच उलटा पीळ स्थिर भागावर बसतो. आपल्या काळ्या मातीत साधे घर बांधतानाही मुरूम लागेपर्यंत खणतात; येथे तर पायाला पीळही सोसायचा असतो. दोन सारखे रोटर एकाच अक्षावर उलट दिशांनी फिरवून एकदम रिकामे केले, तर ते पीळ चौकटीतच एकमेकांना खोडून काढतात आणि पायावर मुख्यतः यंत्राचे वजनच उरते.