एक प्रत घराबाहेर

नमस्कार बडोदेकर श्रोतेहो.

आज बोलायचंय घरातून धंदा करणाऱ्यांशी. कोणी भाजणी-मसाले विकतं, कोणी शिकवण्या घेतं, कोणी चार दुकानांचे हिशेब टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहून देतं. माल भिजला तर पुन्हा भरता येतो. पण उधारी, ऑर्डरी, गिऱ्हाइकांची माहिती वाहून गेली तर ती कुठल्या बाजारातून आणणार? म्हणून तिची एक प्रत घराबाहेर हवी. ऑनलाइन बॅकअप म्हणजे तेच. एक प्रत घराबाहेर, एवढं मनात धरून ऐका.

२०२४चा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेलच. जन्माष्टमीच्या दिवशी पाऊस कोसळला, विश्वामित्री नदीनं २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. माझ्या ओळखीच्या एक काकू समा भागात तळमजल्यावर राहतात. शिवलेल्या नऊवारी करतात. नऊवारी हातानं नेसावी आणि ती नेसायला प्रत्येक मुलीला घरी शिकवावं, या मताची मी आहे. पण काकूंच्या शिलाईतला कासोटा इतका नेटका बसतो की त्याला नाव ठेवता येत नाही.

गणपती ७ सप्टेंबरला होते. गौरींसाठीच्या ऑर्डरी ओसंडत होत्या. कोणाची कंबर किती, उंची किती, कोणती साडी कोणाची, आगाऊ किती दिले, सगळं कॉम्प्युटरवर. पाणी पायरीला लागलं तशा काकूंनी आधी लोकांच्या साड्या उचलून माळ्यावर टाकल्या. मग सासू-सुनांनी मिळून मशीन पलंगावर चढवलं. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली जमिनीवर होता, तो राहिला. बॅकअपची हार्डडिस्क होती, नाही असं नाही. पण ती त्याच टेबलाच्या खालच्या खणात. रात्री घरात कंबरभर पाणी झालं आणि सगळे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेले.

पाणी ओसरल्यावर खाली आले तर खणाचं लाकूड फुगून बसलेलं. पेचकस घालून तो उपसला. हार्डडिस्क हातात घेतली, तर वायर खोचायच्या भोकातून गाळ गळत होता. गौरी तोंडावर, साड्या कोरड्या आणि मापं गाळात.

सून म्हणाली, "आई, थांबा. रोज रात्री आपली माहिती ऑनलाइन जाते." शेजाऱ्यांच्या मोबाइलवर तिनं खातं उघडायला घेतलं, पासवर्ड टाकला. खात्यानं कोड मागितला. कोड येणार तिच्या फोनवर, आणि फोन पाण्यात गेलेला! श्रोतेहो, माहिती वर सुखरूप असून माणसं अडकतात ती इथेच. या मुलीनं खात्याला दुहेरी पडताळणी लावताना, फोन नसेल तेव्हा चालणारे राखीव कोड काढून, कागदावर छापून दांडिया बाजारात माहेरी आईकडे ठेवले होते. आईला फोन लावला. त्यांनी चष्मा शोधून एकेक आकडा वाचून दाखवला, आणि खातं उघडलं.

मग सून मोबाइलवर बघून सांगतेय, "कंबर ३२, सीट ३८, उंची ४०," आणि काकू कालनिर्णयाच्या पाठीवर पेन्सिलीनं उतरवून घेतायत, एकेका साडीला चिठ्ठी टाचतायत. मशीन दांडिया बाजारात हलवलं, व्याह्यांच्या ओटीवर शिलाई चालली, आणि गौरी आवाहनाच्या आधी साड्या घरोघर पोचल्या.

आता बघा, बॅकअप दोन होते. खणातला बुडाला, घराबाहेरचा कामी आला. पुन्हा सांगते: एक प्रत घराबाहेर.

आणि पुराचं म्हणाल, तर पावागडाकडून येणाऱ्या या नदीला पसरायला तिची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, होती. ती बुजवून आपण त्यावर सोसायट्या उठवल्या. २०१९च्या ३१ जुलैला एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, तेव्हाही पाणी घरात शिरलंच होतं. कोतरं मोकळी व्हायला हवीत, आणि ते मागत राहणं हे आपलंच काम आहे. बरं, भूकंपाचं काय? २६ जानेवारी २००१चा धक्का आपण सोसलाय. तसं काही झालं तर शेजारच्या गल्लीत ठेवलेली प्रतही भरवशाची नाही. ऑनलाइन प्रत दूरच्या गावी असते, तिचा खरा उपयोग तिथे.

करायचं काय ते थोडक्यात. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, पण मेल आणि फोटोही तीच जागा खातात. म्हणून धंद्याचं खातं वेगळं काढा. नुसतं सिंक आणि बॅकअप यांत गल्लत नको. सिंकमध्ये इथे फाइल पुसली की तिथलीही जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये, म्हणजे कचरापेटीत, ती ३० दिवस राहते, नंतर नाही. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच काढा आणि ती फाइल वर चढवा. पहिल्या वेळी वेळ लागेल, रात्री लावून झोपा. जीएसटी भरत असाल तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, तेव्हा जुनी वर्षं पुसू नका. आणि हार्डडिस्क भिजलीच, तर चालते का बघायला लगेच वायर लावू नका, जाणकाराकडे न्या.

राखीव कोडांचा कागद मात्र आजच काढा आणि नातेवाइकांकडे, वरच्या मजल्यावर ठेवा. येत्या रविवारी दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरून खातं उघडा, एखादं जुनं बिल डाउनलोड करून बघा, काम झालं की खात्यातून बाहेर पडा. बिल उघडलं नाही, तर पावसाळ्याच्या आत दुरुस्ती करून घ्या.

नमस्कार.