तुळईची गिटार

(दृश्य: ठाण्यातली वागळे इस्टेट. अर्धवट वर केलेलं शटर, आत ट्यूबलाइट, भुशाचा ढीग.)

इलेक्ट्रिक गिटार हातानं घडवणारा हा पोरगा. दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक तो लाकडावरून सावकाश नेतोय. मध्येच दोरा तिरका होतो. तिथे खडूनं फुली. आत खिळा आहे.

हे सागवान नौपाड्यातल्या एका चाळीच्या तुळईचं. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. ज्या खोलीत आपला जन्म झाला, तिच्या डोक्यावरची तुळई काकांनी ठेकेदाराकडून मागून घेतली आणि तिचा साडेतीन फुटी तुकडा टेम्पोत घालून या गाळ्यात आणला. म्हणाले, "यातून मला गिटार करून दे."

अकरा खिळे निघाले. एक जरी आत राहिला असता तरी रंध्याच्या पात्याला दात पडला असता. वरचा काळवंडलेला थर निघतो तसा आतला सोनेरी रंग बघा. आणि वास! गाळ्यात उभं राहिलं तरच तो कळतो, कॅमेऱ्याला नाही कळत.

(दृश्य: दोन फळ्या, क्लॅम्प, डिंकाची रेघ.)

साग तेलकट. नुसता डिंक लावून जोडला तर सांधा दगा देऊ शकतो, म्हणून आधी ॲसिटोननं पुसून लगेच जोडायचा. साग जडही. म्हणून बॉडीत आतून कप्पे कोरलेत. ते वरून झाकले गेले की कोणाला दिसणार नाहीत, पण साठीच्या खांद्याला कळतील. तयार गिटार भरली साडेतीन किलो.

(दृश्य: काकांचा डावा हात, जवळून.)

काका याच वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते, टर्नर. दिवसा लेथ, रात्री ऑर्केस्ट्रा. मशीनवरच्या एका अपघातानंतर डाव्या हाताची अनामिका मधल्या सांध्यात पुरती वाकत नाही. विकतच्या गिटारीवर ते बोट कायम अडायचं.

पोरानं काय केलं, ते या चित्रणात नीट बघा. लाकडी दांडीवर त्यानं शाडू थापली, गणपतीची तीच माती, आणि दांडी काकांच्या हातात दिली.

"काका, बार कॉर्ड धरता तसं, एका बोटानं सगळ्या तारा दाबता तसं धरा. जोर लावा."

"माती दबतेय रे."

"दबू द्या. तेच हवंय."

ठसा वाळला. त्यावरून पत्र्याचे दोन साचे कापले, एक पहिल्या फ्रेटपाशी, म्हणजे धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी लावायचा, दुसरा बाराव्यापाशी. नेक, म्हणजे गिटारीची दांडी, तासताना साचा लावायचा आणि उजेडाकडे धरायचं. जिथे फटीतून उजेड दिसत नाही तिथे साचा टेकतोय, म्हणजे तिथे अजून तासायचं. असं तीन दिवस चाललं. नेकचा एक अंग जाड राहिला, दुसरा उतरता. असा आकार कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडायचा नाही, कारण असा हात दुसऱ्या कोणाचा नाही.

लांबीही हातावरूनच ठरली. 1954 साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारीच्या धाटणीत, नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या नटपासून बॉडीवरच्या घोडीपर्यंतचं माप 648 मिलिमीटर. इथे धरलं 628. प्रत्येक फ्रेटचं अंतर काढायला उरलेल्या लांबीला 17.817 नं भागतात. त्या हिशोबानं पहिला फ्रेट 36.4 ऐवजी 35.2 वर आला आणि बारावा बरोबर मधोमध, 314 वर. पहिल्या घरात फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. न वाकणाऱ्या बोटाला एवढा पुरतो.

(दृश्य: फिंगरबोर्ड, शिसवाच्या रेषा.)

फिंगरबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची नेकवरची पट्टी, शिसवाची. आपल्या सह्याद्रीत उगवणारं हे झाड जगभरच्या गिटारींवर बसलेलं असतं. 2017 च्या जानेवारीपासून शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं, पुढे 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

(दृश्य: शिलाई मशीनची मोटर, फिरणारी कॉइल.)

हा पिकअप, तारेच्या थरथरीची वीज करणारा. ही शिलाई मशीनची मोटर आहे, त्यानंच बसवलेली. तार 42 गेजची, केसाहून बारीक, आणि वेढे सुमारे 8000. ती चिमटीतून सुटताना ताण किती द्यायचा, ते बोटंच ठरवतात. जास्त ओढली तर तुटते, मग पहिल्यापासून. वर पोलादी तार थरथरली की खाली चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि तांब्याच्या वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्व इथे एका माणसाच्या चिमटीतून उतरतंय.

आवाजात लाकडाचा वाटा किती, यावर वाजवणाऱ्यांत जोरात वाद आहेत. ते राहू द्या. काकांना हेच लाकूड छातीशी हवं होतं.

हातानं घडवलेलं वाद्य म्हटलं की आपल्याला मिरज आठवते, आणि ते योग्यच आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इलेक्ट्रिक गिटार मात्र आपण खोक्यातून आणायची वस्तू समजतो. ती करणाऱ्या पोराला लोक 'रिपेअरवाला' म्हणतात. सतारमेकर पडदे बसवतो, हा फ्रेट बसवतो. आस, म्हणजे छेडल्यावर मागे उरणारा सूर, किती टिकते, हे दोघेही कान लावूनच ऐकतात. तो कारागीर, मग हा कोण?

(दृश्य: फ्रेटवर काळा मार्कर, मग कानस.)

फ्रेटच्या माथ्यावर मार्कर ओढला. आता कानस फिरेल. जिथे काळं राहिलं तिथे फ्रेट खोलगट आहे. पुन्हा मार्कर, पुन्हा कानस. बावीस फ्रेट. ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत नेक हलतो, म्हणून हे काम त्यानं एका बैठकीत संपवलं नाही. महिन्याभरानं पुन्हा तपासलं.

एकूण आठ महिने लागले. पैसे विकतच्या गिटारीहून बरेच जास्त, काकांनी तीन हप्त्यांत दिले. गाळ्याचं भाडं तेवढ्यात दुरुस्तीच्या कामांवर निघालं.

(दृश्य: गिटार काकांच्या मांडीवर.)

उजव्या हाताचं कोपर टेकतं, तिथे बघा. एक खिळ्याचं भोक. त्यानं बुजवायला घेतलं होतं, काकांनी थांबवलं.

"राहू दे. तिथे पाळणा टांगायचे."

केबल लागली. ॲम्पचा दिवा पेटला.

(यापुढे निवेदन नाही.)