मृगातला तेजोमेघ फ्रेममध्ये घेताना

ट्रायपॉडवरचा हा छोटा डबा म्हणजे स्टार ट्रॅकर. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सरकतं, दर चार मिनिटांना एक अंश, आणि हा कॅमेऱ्याला त्याच वेगाने फिरवत ठेवतो. १३५ एमएमची लेन्स नुसत्या ट्रायपॉडवर असेल तर चारेक सेकंदांतच तारे लांबट यायला लागतात, याच्यावर तीच लेन्स दोन मिनिटं उघडी ठेवता येते, आणि मग मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा चमकता ढग, पंखांसकट दिसतो. काय सुंदर दिसतो!

आपण भंडारदऱ्याला आहोत, जानेवारी महिना, रात्रीचे नऊ. इथला अक्षांश साडेएकोणीस, म्हणून ध्रुवतारापण क्षितिजापासून साधारण तेवढाच वर, बऱ्याचदा धुरकटलेला. ट्रॅकरचा अक्ष तिकडे लावायचा, पण नेमका ताऱ्यावर नाही, खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासून सुमारे ४० कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लांब आहे आणि आत्ता ताऱ्याच्या खाली आहे. पोलर स्कोपमध्ये, म्हणजे ट्रॅकरच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत, चित्र उलटं असतं, त्यामुळे तारा वर्तुळात खालच्या बाजूला आणायचा, नेमका कुठे ते मोबाईलवरचं ॲप दाखवतं.

इथपर्यंत बहुतेक जण नीट करतात. घोळ होतो तो पुढे, कॅमेरा रोखताना. युरोपात ट्रॅकर चांगला तिरका उभा असतो, आपल्याकडे तो जवळजवळ आडवाच होतो, मग त्याच्यावर बॉलहेड (कॅमेरा कुठेही वळवता येणारा गोळ्याचा सांधा) लावलं की कॅमेऱ्याचं सगळं वजन बाहेर लटकतं, आणि नॉब जरा जास्त सैल झाला की लेन्स धाडकन खाली येते, त्या हिसक्याने ट्रायपॉड हलतो आणि लावलेला ध्रुव गेला. म्हणून माझं स्पष्ट मत, मोठ्या लेन्सला ब्रॅकेट (कॅमेरा फक्त उत्तर-दक्षिण वळवणारी पट्टी) आणि समतोलासाठी काउंटरवेटच घ्या, पोलर स्कोपच्या समोरची वाटपण मोकळी राहते.

फोकस आधीच व्याधावर करून घेतलाय. आता हात बघा. डावा हात कॅमेऱ्याखाली, उजव्याने क्लच (कॅमेरा ट्रॅकरच्या अक्षाभोवती मोकळा करणारी पकड) सैल, आणि लाईव्ह व्ह्यूमध्ये बाणाच्या तीन ताऱ्यांतला मधला बरोबर मध्यभागी आला की क्लच घट्ट. आता क्लचला अजिबात हात लावायचा नाही, कारण तेजोमेघ या ताऱ्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, चार अंशांवर, म्हणजे फक्त ब्रॅकेटचा नॉब फिरवायचा, हळूहळू. दोन अंशांवर थांबलात तर बाण आणि तेजोमेघ दोन्ही एकाच फ्रेममध्ये बसतात, मला हीच फ्रेम जास्त आवडते.

आयएसओ वाढवून पाच सेकंदांचा टेस्ट शॉट. फ्रेम पटली की पुन्हा पोलर स्कोपमध्ये डोकवायचं, ट्रायपॉडला न टेकता, आणि ध्रुव सरकला असेल तर वेजच्या, म्हणजे ट्रॅकरखालच्या तिरक्या बैठकीच्या, स्क्रूने परत जागेवर आणायचा. हे चेकिंग टाळू नका, प्लीज. मग दोन मिनिटांचा पहिला फोटो काढा, झूम करून कोपऱ्यातले तारे बघा, गोल असले की इंटरव्हलोमीटर, म्हणजे आपोआप एकामागून एक फोटो काढणारा टायमर, सुरू. रात्र चढेल तसा मृग पश्चिमेला झुकत जातो, तेव्हा काउंटरवेट ट्रायपॉडच्या पायाला लागत नाही ना ते मधून मधून बघत राहा, लाल टॉर्चनेच.