सगळीकडे, की ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर?

(सयाजीगंज. रिक्षा, स्टेशनकडून येणारी गर्दी, मग सायन्स फॅकल्टीच्या बाजूचा रस्ता.)

वडोदऱ्याला येणारा माणूस एमएस युनिव्हर्सिटीत जातो ते बहुतेक आर्ट्स फॅकल्टीचा घुमट बघायला. रॉबर्ट चिझमचं काम आहे, सुंदरच आहे, फोटो काढा. पण आपण आज तिकडे जात नाहीये. आपण चाललोय मॅथ्सच्या सेमिनारला, आणि तिथे बघण्यासारखं म्हणाल तर काहीच नाही. एक फळा, खडू, पंखा, पुढच्या बाकांवर सर आणि मॅडम लोक, मागे एमएस्सीची पोरं, ज्यातली निम्मी चहा मिळेल म्हणून आलीयेत.

आज बोलणार ती मुलगी दांडिया बाजारातली. घरी मराठी, मैत्रिणींशी गुजराती, फळ्यावर इंग्लिश, आणि अडली की तिन्ही एकदम. पीएचडी करतेय. यूजीसीच्या नियमाप्रमाणे दर सहा महिन्यांनी कमिटीपुढे कामाचं सांगावं लागतं आणि थिसिस द्यायच्या आधी एक प्री-सबमिशन, जे सगळ्या डिपार्टमेंटला खुलं असतं. म्हणजे हौस असो नसो, फळ्यासमोर उभं राहायचंच.

(फळ्यावर वर-खाली जाणारी रेघ.)

तिचा विषय फूरिये सिरीज. कुठलंही फंक्शन साइन आणि कोसाइनच्या बेरजेत मांडता येतं, असं फूरियेनं १८०७ मध्ये पॅरिसच्या अकादमीला लिहून दिलं आणि तिथल्या बुजुर्ग गणितज्ञाला, लाग्रांजला, ते अजिबात पटलं नाही. पुस्तक यायला १८२२ उजाडलं. तोवर आणि त्यानंतरही भांडण एकच, ही बेरीज शेवटी त्या फंक्शनपाशी पोचते का. १८८१ मध्ये जॉर्डननं एक चांगली अट सापडवली, बाउंडेड व्हेरिएशन. पावागड चढताना तुम्ही जेवढं वर गेलात आणि मधे जेवढं उतरलात ते सगळं मिळवा, बेरीज मर्यादित आली की झालं, तसं फंक्शन असेल तर सिरीज पोचते. (आणि हो, बडोदा कॉलेजही त्याच १८८१ चं. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

तर ती हे भराभर सांगत सुटलीये, एक थिअरम, त्याखाली कोरोलरी, आणि तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून एक सर अगदी हळू विचारतात, "एव्हरीव्हेअर की ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर?"

बस. खडू थांबला.

बाहेरच्याला वाटेल काय हा कीस काढणं, पण या विषयाचा अख्खा इतिहास त्या प्रश्नात आहे. ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर म्हणजे काही बिंदू सुटले तरी चालतील, फक्त त्या सुटलेल्यांची एकूण लांबी शून्य हवी. १९२३ मध्ये कोल्मोगोरोव्हनं, पोरसवदाच होता तेव्हा, असं इंटिग्रेबल (म्हणजे ज्याच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ मर्यादित येतं असं) फंक्शन बनवून दाखवलं की त्याची सिरीज जवळपास कुठेच पोचत नाही, आणि समाधान झालं नाही म्हणून १९२६ मध्ये ती "जवळपास"ची सूटही काढून टाकली, कुठेच नाही म्हणजे कुठेच नाही. मग ज्या फंक्शनचा वर्गसुद्धा (स्क्वेअर) इंटिग्रेबल आहे त्यांचं काय, त्यांची सिरीज तरी पोचते का? यावर लोक अनेक वर्षं अडकले. कार्लसन आधी पोचते हे म्हणणं खोटं पाडायला निघाला होता, उलटं उदाहरण बनवायला, ते का बनत नाही हे कळता कळता १९६६ मध्ये त्यानं सिद्धच केलं की पोचते, ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर. २००६ चं आबेल प्राइझ मिळालं त्याला.

मुलगी फळ्याकडे बघते, थोडं पुसते, सांगते की माझ्या अटीत सगळीकडे, फक्त फंक्शन जिथे उडी मारतं तिथे सिरीज दोन्ही बाजूंच्या बरोब्बर मध्यावर जाते. सर मान हलवतात. मागच्या बाकांवरची दोनतीन पोरं आत्ता पहिल्यांदा वर बघतात.

(मॉस्कोचा नकाशा.)

हे असं मधेच थांबवणं म्हणजे उद्धटपणा नाही. मॉस्कोत गेलफांड या गणितज्ञाचं सेमिनार १९४३ पासून चार दशकांहून जास्त चाललं, सोमवारी संध्याकाळी, आणि तो वक्त्याला कुठेही तोडायचा. श्रोत्यांमधल्या एखाद्याला, बरेचदा विद्यार्थ्यालाच, काम दिलेलं असायचं की तुला कळलं नाही तर बोल, आणि त्याला कळल्याशिवाय गाडी पुढे नाही. आपल्याकडे मात्र सरांसमोर तोंड उघडायचं म्हणजे पोटात गोळा येतो. एमटीटीएसच्या, म्हणजे कॉलेजच्या पोरांसाठीच्या गणिताच्या, उन्हाळी शिबिरांत १९९३ पासून हीच सवय मोडायचा प्रयत्न चालू आहे, तिथे शिकवणाराच उलट पोरांना विचारत सुटतो आणि चुकीचं उत्तर आलं तरी त्यावरच पुढचा तास जातो.

आणि स्लाइडवाल्यांनो राग नका मानू, पण स्लाइडवर थिअरम एका क्लिकला येतं आणि जातं, खडूनं लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात ऐकणाऱ्याला डोकं चालवता येतं. कार्लसनची तेवीस पानं कुठल्याच फळ्यावर मावणार नाहीत हेही खरं, त्यामुळे मी यात हट्टाला पेटत नाही.

(कॉरिडॉर. चहाचे कप, बशीत लीलो चिवडा.)

खरे प्रश्न इथे. आत गप्प बसलेला एमएस्सीचा मुलगा चिवड्याची मूठ भरत तिला विचारतो, "दीदी, उडीच्या अगदी बाजूला काय होतं?" आणि ती खुश होते, कारण तिथे मजा आहे, कितीही टर्म्स घ्या, उडीच्या शेजारी सिरीज साधारण उडीच्या ९ टक्के जास्तच उसळते, गिब्सचं नाव आहे त्याला, पण विलब्रहम नावाच्या माणसानं ते १८४८ मध्येच लिहून ठेवलं होतं, कोणी लक्ष दिलं नाही.

"आणि दोन व्हेरिएबल घेतले तर?"

मघाचे सर कप ठेवून वळतात. दोन व्हेरिएबलमध्ये टर्म्स कुठल्या क्रमानं मिळवायच्या हाच आधी प्रश्न. आयताप्रमाणे मिळवल्या तर कार्लसनचं उत्तर टिकत नाही, फेफरमननं १९७१ मध्ये कंटिन्युअस फंक्शनवरच ते मोडून दाखवलं. आणि वर्तुळाप्रमाणे मिळवल्या तर, वर्ग इंटिग्रेबल असलेल्या फंक्शनसाठी, अजून कोणालाच माहीत नाही.

"म्हणजे ओपन आहे?"

"ओपन आहे. चिवडा संपव आणि आत ये, वर्तुळ काढून दाखवतो."