कवेलू गेले, स्लॅब आला

विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि स्लॅबचं घर दिवसभर असं तापतं की रात्री अकरा-बारापर्यंत आत बसवत नाही, कूलर लावला तरी गरम हवाच अंगावर येते, मग लोकं खाटा काढतात अंगणात. त्याच गल्लीत एखादं जुनं मातीचं घर उरलेलं असतं. जाडजूड भिंती, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. आत पाय ठेवला की लगेच कळतं! एवढी जाड माती तापायलाच संध्याकाळ होते, आणि गरम हवा कवेलूंच्या फटींतून वरच्यावर निघून जाते.

मग सोडलं कशाला? उगाच नाही सोडलं. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरावे, म्हणजे काढून पुन्हा नीट रचावे लागायचे, फेरणारी माणसं आता मिळत नाहीत, लाकडाला उधळी म्हणजे वाळवी लागते, आणि माकडं... एकदा कळप छपरावरून गेला की कवेलूंचा चुराच. सारवण तर कायम बायांच्याच कमरेवर. त्यामुळे घरकुलाचं सरकारी अनुदान मंजूर झालं की माणूस टिन नाहीतर स्लॅबच टाकणार, त्याला कोणी नावं ठेवू नये.

पण पक्कं म्हणजे फक्त सिमेंट, हे कोणी ठरवलं? वर्ध्याजवळ सेवाग्रामला जाऊन बघा. 1936 ला गांधीजी इथं राहायला आले तेव्हा या गावाला शेगाव म्हणायचे, आणि त्यांची अट होती की घर 500 रुपयांच्या आत व्हावं, सामान आसपासचंच असावं. माती, बांबू, कवेलू, बस. तिथल्या बापू कुटीच्या, म्हणजे गांधीजींच्या झोपडीच्या भिंतीवर त्यांची शिष्या मीराबेननं मातीतच झाडं आणि चरखा उठवलाय, तेवढं थांबून बघाच.

माकडांवरचा उपायही वर्ध्यातच आहे. दत्तापूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराच्या चाकावर होणारे, पेल्यासारखे निमुळते पोकळ कवेलू वापरात आणले. भाजायचे, एकात एक खुपसत कमान करायची, कमानीला कमान लावायची, वरून गिलावा. लाकूड नको, सळई नको, मधल्या पोकळीमुळे ऊन कमी उतरतं, आणि वरून माकडं गेली तरी काही सरकत नाही. कुंभाराला काम मिळतं ते वेगळंच.

हे ग्रामसभेत दाखवायला पाहिजे, अगदी कळकळीनं सांगतोय, आणि घरकुलाचा पहिला हप्ता यायच्या आधी दाखवायला पाहिजे, कारण एकदा कॉलमचे खड्डे खोदले की नंतर डिझाइन कोणी बदलत नाही.