मावशीच्या मिसळणाच्या डब्यात बटणं का आहेत

(पहिला शॉट: ओट्यावर स्टीलचा डबा, झाकण उघडतं)

हा मिसळणाचा डबा बघा. आत सात वाट्या, आपल्या सगळ्यांच्या घरी असतो तसाच, फक्त यात मोहरी-जिरं-हळद नाहीये. मधल्या वाटीत शर्टाची पांढरी बटणं, तिच्या बाजूला टिचबटणं, मग हुक, मणी, टिकल्या, आरसे आणि शेवटच्या वाटीत सेफ्टी पिना. हा डबा माझ्या मावशीचा आहे. मावशी डोंबिवलीत राहते, वन बीएचके, घरात चार माणसं, आणि मला कळायला लागल्यापासून तिला मी शिवताना, भरतकाम करताना, गोधड्या घालताना बघतेय. मी तिला विचारलं, मावशी, बटणांसाठी एवढा चांगला डबा कशाला अडकवलास? तर ती म्हणाली, "अगं, फोडणीत मोहरी घालताना तू डब्यात बघतेस का? हात जातोच ना आपसूक. मग इथेही तसाच गेला पाहिजे."

हे ऐकलं आणि मला वाटलं की व्हिडिओ यावरच करायचा.

कारण कसं होतं ना, आपल्याकडे लोक सरळ म्हणून टाकतात की कलाकार माणूस म्हणजे पसारा असणारच. मला हे आता अजिबात पटत नाही. म्हणजे पसारा होतो, व्हायलाच हवा, चार रंग शेजारी शेजारी पडल्याशिवाय कळणार कसं कोण कोणाबरोबर शोभतंय, पण कामाचा पसारा वेगळा आणि शोधाशोधीचा पसारा वेगळा. डोक्यात काहीतरी छान आलंय, हात शिवशिवतायत, आणि अर्धा तास कात्री सापडत नाहीये, तोपर्यंत जे सुचलं होतं ते कुठच्या कुठे गेलेलं असतं. शिवाय ज्या बाईला स्वयंपाक, पाणी, शाळा, ऑफिस सगळं उरकून दुपारचे जेमतेम दोन तास मिळतात तिचा अर्धा तास असा जाणं म्हणजे फार मोठं नुकसान आहे.

(शॉट: बेडरूमची खिडकी, तिच्याखाली मशीन)

हा मावशीचा कोपरा. खिडकी उत्तरेला आहे, म्हणून उजेड येतो पण ऊन थेट आत येत नाही. आधी मशीन हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीपाशी होतं, तिथे संध्याकाळचं ऊन लागून एका फळीवरच्या कापडांच्या घड्या कडेला विटल्या, आत रंग एक आणि बाहेर एक.

आता दोऱ्यांकडे या. भरतकामाची अँकरची लडी असते ना, त्यात सहा पदर असतात आणि लांबी 8 मीटर. दुकानातून आणल्यावर कागदी पट्टीवर शेडचा नंबर असतो, पण लडी उलगडली की पट्टी जाते आणि तिच्याबरोबर नंबरही जातो, मग अर्ध्या फुलाला तोच लाल हवा असतो आणि दुकानात जाऊन आपण आठवणीतला लाल शोधत बसतो. म्हणून मावशी घरी आल्या आल्या लडी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळते आणि त्यावर पेनने नंबर लिहिते, चहा त्याच्यानंतर. काळ्यावर 403. आणि बाजूला डीएमसीचा काळा आहे त्यावर 310, कारण दोन कंपन्यांचे नंबर वेगळे. लोकरीचं तर याहून नाजूक, तिथे शेड नंबर एकच असला तरी लॉट, म्हणजे रंगवण्याची खेप, वेगळा निघाला की रंगात किंचित फरक पडतो, आणि तो फरक स्वेटर पूर्ण झाल्यावर बरोब्बर छातीवर दिसतो. म्हणून लोकरीचं लेबल शेवटचा टाका घालेपर्यंत फेकायचं नाही.

सुयांचा एक गोंधळ इथेच सांगते, मलाही इतक्या वर्षांत माहीत नव्हता. हाताच्या सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, मशीनच्या सुईचा नंबर वाढला की जाड. 14 साध्या सुती कापडाला, 16 जाडाला. दोन्ही एकाच डबीत टाकल्या की संपलं. मावशीकडे दोन डब्या आहेत, आणि वापरलेली पण अजून चांगली असलेली मशीनची सुई ती लाल कापडाच्या तुकड्यात टोचून ठेवते, म्हणजे नवी कुठली आणि जुनी कुठली हा प्रश्नच नाही.

(शॉट: कपाट उघडतं, कापडं पुस्तकांसारखी उभी)

आणि हे माझं सगळ्यात आवडतं. आधी सगळी कापडं बोचक्यात होती. बोचकं बेडखाली. मस्जिद बंदरला उतरून मंगलदास मार्केटमधून हौसेने कापड आणायचं आणि घरी आल्यावर ते बोचक्यात जायचं, वर्षभराने सोडलं की आतून तसंच्या तसं दुसरं कापड निघायचं, कारण आधीचं आणलेलं आठवतच नव्हतं. मधे तिने ऑनलाइन बघून मोठे खोल प्लास्टिकचे डबे पण मागवले होते, त्यातही तेच, वरचं तेवढं वापरलं जातं आणि खालचं विसरलं जातं. आता तिने एकाच मापाचा पुठ्ठा घेतलाय, प्रत्येक कापड त्याच्यावर गुंडाळून पुठ्ठा काढून घ्यायचा आणि घडी उभी लावायची. दार उघडलं की सगळे रंग समोर. गोधडीसाठीच्या जुन्या सुती साड्या वेगळ्या, आणि चिंध्या तर रंगाने लावल्यात, कारण गोधडीला ठिगळ लावताना आपण पॉपलीन आहे की वॉयल असा विचार आधी करत नाही, आपण म्हणतो इथे पिवळा हवा. तळहातापेक्षा लहान तुकडा ठेवायचा नाही हा तिचा नियम. त्याहून लहान सगळं उशीत भरायला.

पावसाळ्याचं मात्र तिला फार सोसावं लागलं. एका जुलैमध्ये माळ्यावरची ट्रंक खाली काढली तर लोकरीला कसर लागलेली, तिच्या आईच्या नऊवारीचा तुकडा होता तो पिनेच्या गंजाने डागाळलेला, आणि जरीचा काठ काळा पडलेला. त्या नऊवारीबद्दल बोलताना तिचा आवाज अजून बदलतो. तेव्हापासून टाचणी लावून कापड ठेवायचंच नाही, जरीचं कापड प्लास्टिकच्या पिशवीत नाही, मलमलच्या फडक्यात, आणि मधूनमधून घडी मोडून दुसरीकडे घालायची, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते. डांबरगोळ्या कापडाला टेकू द्यायच्या नाहीत, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात.

कापड बेतायला ती कुठे जाते माहितीये? ओट्यावर. डायनिंग टेबल साधारण 30 इंच उंच असतं, त्यावर वाकून वाकून कंबर जाते, आणि तिचा ओटा 34 इंच आहे. दुपारी ओटा कोरडा पुसायचा, जुनी चादर अंथरायची आणि उभ्याने बेतायचं.

भिंतीवरची प्लायची फळी माझ्या सांगण्यावरून झाली. अमेरिकेत ज्युलिया चाइल्ड म्हणून प्रसिद्ध स्वयंपाकवाल्या होत्या, त्यांच्या नवऱ्याने, पॉलने, किचनच्या भिंतीवर प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा काढून ठेवली होती, म्हणजे भांडं कुठलं परत कुठे टांगायचं ते भिंतच सांगणार. ते अख्खं किचन आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये ठेवलंय. मी फोटो दाखवला, मावशीने दुसऱ्या दिवशी टेलरिंगच्या खडूने कात्रीची, टेपची, फ्रेमची आकृती काढली आणि खिळे ठोकले. घरात कोणीही कात्री घेतली की ती जागा रिकामी दिसते, आणि मग हाक जाते, "माझी कापडाची कात्री कोणी नेली रे, कागदाला लावू नका!"

(शॉट: बेडखालून परात सरकत बाहेर येते)

पण मला विचाराल तर या सगळ्या घरात खरी जादू आहे ती या ॲल्युमिनियमच्या परातीत. वन बीएचकेमध्ये जेवायच्या वेळी सगळं उचलावंच लागतं, त्याला इलाज नाही, आणि उचललेलं काम परत मांडायचं म्हणून कितीतरी बायकांचं काम महिनोन्महिने पिशवीत पडून राहतं. मावशी आवरतच नाही. जे चालू आहे ते सगळं, कापड, लागणारे पाचच दोरे, अंगुस्तान, छोटी कात्री, डिझाइनचा कागद, सगळं एका परातीत, सुई टाक्यात आहे तशीच ठेवून परात बेडखाली. चालू कामं तीन, म्हणून पराती तीन. चौथी घेत नाही, एक संपल्याशिवाय चौथं काम काढायचं नाही.

दुपारचे अडीच वाजलेत. भांडी झाली, मावशी खिडकीशी बसली, परात ओढली, काल जिथे टाका थांबला होता तिथून सुई उचलली. पिनकुशनवर आणखी दहा सुया आहेत, एक सोडून सगळ्या ओवलेल्या, वेगवेगळ्या रंगांच्या. आता तिला नेढं नीट दिसत नाही, म्हणून सकाळी नातू शाळेत जायच्या आधी तिला सगळ्या सुया ओवून देतो.

आज त्याच्याकडून हिरवी राहून गेलीय. "कॅमेरा ठेव गं जरा खाली," मावशी म्हणते, "आणि एवढी ओवून दे."

(कॅमेरा खाली. आवाज चालू.)